राख, चिंच आणि मोहाची पेंड : बिरसी परिसरातील घरगुती स्वच्छतेचा पूर्वेतिहास

गोंदिया शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवर असलेले बिरसी हे गाव आज बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते तेथील विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० साली, ब्रिटिशांनी येथे धावपट्टी बांधली आणि पुढे अनेक दशकांनी तिच्याच आधाराने वैमानिकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. या धावपट्टीभोवतीचा मुलूख मात्र मूळचा धानाचा, मालगुजारी तलावांचा आणि मोहाच्या झाडांचा आहे. घर, भांडी, कपडे आणि अंग स्वच्छ करण्याची येथील जुनी साधने मुख्यतः या तिहींतून आली. विषारी रसायने टाळून साफसफाईची द्रव्ये घरच्या घरी करावीत असा जो आग्रह अलीकडे धरला जातो, त्याच्या पुष्ट्यर्थ जुन्या खेड्याचा दाखला हमखास दिला जातो; परंतु तो दाखला अर्धाच खरा आहे. खेड्यातील घर ही द्रव्ये मुद्दाम तयार करीत नव्हते. चूल पेटली की राख उरे, धान कांडले की तूस उरे, गोठ्यात शेण साचे आणि तेल गाळले की पेंड हाती येई. या उरलेल्या वस्तूंना दुसरे काम लावण्याची जी व्यवस्था बसली होती, तिलाच स्वच्छता असे म्हणत. त्यामुळे या साधनांचा इतिहास हा पाककृतींचा इतिहास नसून इंधन, धातू आणि जमीन यांचा इतिहास आहे, आणि त्यांचा लोपही बहुतांशी याच तीन गोष्टींमुळे झाला.

कोणत्या वस्तूला कोणते द्रव्य लावावे याचा विचार या देशात फार जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे, म्हणजे वापरातील वस्तू शुद्ध करण्याचे, जे प्रकरण आहे त्यात तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे यांच्यासाठी क्षार, अम्ल आणि पाणी सांगितले आहे. रेशीम आणि लोकर यांच्यासाठी खारी माती, कांबळ्यांसाठी रिठे, आणि तागाच्या जातीच्या वस्त्रांसाठी पांढरी मोहरी सांगितली आहे. जमिनीच्या शुद्धीसाठी झाडणे, सारवणे, शिंपडणे, वरचा थर खरवडणे आणि त्या जागी गायी बांधणे असे उपाय दिले आहेत. या ग्रंथाची सामाजिक बाजू काय आहे हे सर्वज्ञात आहे, आणि त्यातील शुद्धीची कल्पना निव्वळ मळ काढण्यापुरती नव्हती हेही उघड आहे. तरीसुद्धा क्षार कोठे आणि अम्ल कोठे हा त्यातील विवेक रसायनाच्या कसोटीला आजही उतरतो. धातूवरचा काळा-हिरवा थर अम्लाने सुटतो, तुपातेलाचा ओशटपणा क्षाराने सुटतो, आणि लोकर-रेशीम यांसारख्या प्राणिज धाग्यांना तीव्र क्षार सोसत नसल्याने त्यांना रिठ्यासारखे सौम्य द्रव्य लागते. ज्यांनी हा ग्रंथ कधी पाहिलाही नाही अशा घरांतील स्त्रियांच्या हाताला हीच विभागणी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती.

यांतील पहिले आणि सर्वांत स्वस्त द्रव्य म्हणजे चुलीतील राख. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो पाण्यात विरघळतो आणि भांड्याला चिकटलेल्या तेलाशी संयोग पावून त्याचा काही अंश जागच्या जागी साबणातच रूपांतरित करतो, म्हणून राखेने घासलेल्या कढईवरचा ओशटपणा नुसत्या मातीने घासलेल्या कढईपेक्षा लवकर जातो. मात्र राख आणि राख यांत फरक असतो, आणि धानाच्या मुलखात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. १०० किलो धान भरडले की सुमारे २० किलो तूस निघते आणि ते जाळले असता त्याची साधारण ४ किलो राख होते. परंतु या राखेचा मोठा भाग, शेकडा ८५ ते ९५ इतका, सिलिका म्हणजे वाळूच्याच जातीचे द्रव्य असतो. परिणामी तुसाची राख क्षार म्हणून दुबळी पण घासणी म्हणून कणखर असते. लोखंडी तवा किंवा भांड्याचे काजळलेले बूड यांना ती चालते. कल्हई केलेल्या पितळी पातेल्याच्या आतून ती फिरवली, तर कथलाचा पातळ थर अकाली उतरतो आणि कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते. तेथे लाकडाची चाळलेली, मऊ राखच हवी. घासण्यासाठी हातात तणसाचा, म्हणजे धानाच्या वाळलेल्या काडाचा, बोळा किंवा वाळलेल्या दोडक्याची जाळी असे. ही घासणी झिजली की उकिरड्यावर जाई आणि तेथून खताबरोबर परत शेतात.

कपड्यांसाठी राख कोरडी न वापरता तिचे पाणी काढीत. बुडाला भोक असलेल्या मडक्यात भोकावर तणस दाबून बसवायचे, वर चाळलेली राख भरायची आणि थोडे थोडे पाणी ओतत राहायचे, म्हणजे खालून चहाच्या रंगाचे पाणी ठिबकू लागते. बोटांना ते बुळबुळीत लागले की क्षार उतरला असे समजायचे, कारण तो बुळबुळीतपणा म्हणजे त्वचेवरच्या तेलाशी क्षाराने आरंभलेले तेच काम होय. हे पाणी विषारी नसले तरी निरुपद्रवीही नसते. ते दाट झाले तर हात सोलवटतात, डोळ्यात गेले तर इजा करते, आणि कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, वस्त्रावर पडले तर धागा कमकुवत करते. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव या भागांतील कोष्ट्यांना या गुणाची दुसरी बाजू माहीत होती. कोशाभोवतीचा डिंकासारखा पदार्थ सोडवल्याशिवाय धागा उलगडत नाही आणि तो सुटतो क्षाराच्या पाण्यात कोसे उकळल्यावर. किती क्षार आणि किती वेळ यावर सारे अवलंबून असते.

राखेपेक्षा जोरकस क्षार हवा असेल तर तो गावात मिळत नसे. कपडे धुण्याचा व्यवसाय करणारी जी जात पश्चिमेकडे परीट म्हणून ओळखली जाते तिला पूर्व विदर्भात वरठी म्हणतात, आणि आर. व्ही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या चार खंडांच्या ग्रंथात धोबी, बरेठा, रजक यांच्याबरोबर वरठी आणि परीट या नावांचीही नोंद आहे. धोब्याची भट्टी, म्हणजे क्षारात भिजवलेले कपडे वाफेवर शिजवण्याची रीत, राखेच्या पाण्यावर भागत नाही. तिला सज्जीखार किंवा पापडखार लागतो, जो मुख्यतः सोडियम कार्बोनेटच असतो. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, बुलढाणा जिल्ह्यात, उल्कापाताने बनलेले लोणारचे सरोवर हा अशा क्षाराचा नैसर्गिक साठा. अकबराच्या काळी अबुल फजलाने आईन-इ-अकबरीत वऱ्हाडचे वर्णन करताना मेहकरच्या परिसरात काच आणि साबण यांना लागणारी सर्व द्रव्ये निपजतात असे नोंदवले आहे. म्हणजे सोळाव्या शतकाअखेर विदर्भात साबणाची सामग्री व्यापाराची वस्तू होती, आणि प्रत्येक खेडे स्वच्छतेच्या बाबतीत स्वयंपूर्ण होते ही समजूत तेव्हापासूनच ढिली पडते. रिठे आणि शिकेकाई यांचेही तसेच. धानपट्ट्यातल्या पुष्कळ घरांत ही द्रव्ये परसातून येत नसत, तर बाजारातून; आणि म्हणून ती रेशमी लुगडे, लोकरीचे कांबळे, सोन्याचांदीचे दागिने किंवा सणाचे न्हाणे यांपुरतीच राखून ठेवली जात. रोजच्या अंग-केस धुण्याला माती असे.

भांड्यांच्या बाबतीत या भागाचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. गोंदिया हा १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता, आणि भंडारा हे पितळी भांड्यांच्या उद्योगासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध असलेले शहर. गुंड, घागर, परात, गंगाळ अशी पितळ-तांब्याची भांडी लग्नात येत, पिढ्यान्‌पिढ्या टिकत आणि अडीनडीला गहाण पडत. त्यांची झळाळी ही घराच्या ऐपतीची खूण असल्याने ती राखण्यात बाईमाणसांचा मोठा वेळ जाई. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवा-पाण्याने त्यावर जो मळकट थर येतो तो राखेने जात नाही, कारण तो तेलाचा नसून धातूच्याच भस्माचा असतो. तो चिंचेतील टार्टारिक आम्लाने विरघळतो. भिजवलेली चिंच, तिच्यात चिमूटभर मीठ किंवा बारीक माती, एवढ्यावर भांडे क्षणात पिवळेधमक होते. परंतु चिंचेचा कोळ भांड्यावर विसरला तर आम्ल पितळातील जस्त अधिक ओढून घेते, आणि पिवळ्या पृष्ठभागावर तांबूस डाग उमटतात. म्हणून चिंच लावायची, लगेच घासायचे, भरपूर पाण्याने धुवायचे आणि शेवटी कोरड्या राखेचा हात फिरवायचा असा क्रम होता. राखेतील क्षार उरल्यासुरल्या आम्लाला मारतो, हे त्यामागचे कारण कोणी सांगत नसे. सांगण्याची गरजही नव्हती. आज हेच काम बाजारातील भुकटी करते, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ठाण्यात उत्पादन सुरू झालेल्या पितांबरीने महाराष्ट्रातील घरांतून चिंचेला जवळजवळ हद्दपार केले आहे.

या भागाचे खास म्हणता येईल असे द्रव्य मात्र मोहाचे. मोहाच्या फुलांची चर्चा दारूमुळे नेहमी होते, फळातील बियांची तितकी होत नाही. या बियांना टोळ म्हणतात. त्या फोडून, वाळवून घाण्यात गाळल्या की जे तेल मिळते ते थंडीत तुपासारखे थिजते आणि पूर्वी दिव्याला, अंगाला आणि गरिबाच्या स्वयंपाकालाही चाले. मागे उरणारी पेंड गुरांना तशीच घालता येत नाही, कारण तिच्यात सॅपोनिन असतात. सॅपोनिन म्हणजे पाण्यात फेस आणणारी वनस्पतिज द्रव्ये. रिठ्याचा आणि शिकेकाईचा फेसही त्यांचाच. म्हणून मोहाची पेंड कुटून केस धुण्यासाठी वापरली जाई. रिठे विकत घ्यावे लागत, पेंड तेलाबरोबर आपसूक मिळे. जंगलाकाठच्या घरांत तिने शिकेकाईची जागा घेतली होती असे म्हणण्यास हरकत नाही.

याच पेंडीचा दुसरा उपयोग निर्विषतेच्या प्रश्नावर लख्ख प्रकाश टाकतो. डबक्यात किंवा ओढ्याच्या अडवलेल्या पाण्यात मोहाची पेंड टाकली की मासे गुंगून वर येतात, कारण सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवाटे रक्तात शिरून तांबड्या रक्तपेशी फोडते. माणसाच्या पोटात मात्र ते सहजी शोषले जात नसल्याने असे मासे खाता येतात. आधुनिक मत्स्यशेतीने हे ज्ञान जसेच्या तसे उचलले आहे: मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे नाहीसे करण्यासाठी हेक्टरी सुमारे २,५०० किलो मोहाची पेंड टाकण्याची शिफारस केली जाते आणि तिचा विषारी प्रभाव दोन ते तीन आठवडे टिकतो. कोहळी आणि पोवार समाजांच्या कसबाने ज्या मुलखात शेकडो तलाव उभे राहिले, कोलू पाटील कोहळी यांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते तो नवेगावबांध ज्या मुलखात आहे आणि ढिवर मच्छीमारांचे पोट ज्या पाण्यावर चालते, त्या मुलखात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. केसांना चोळलेली मूठभर पेंड तलावाला काही करीत नाही आणि पोतीभर पेंड तलाव निर्जीव करते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे समीकरण येथील जुन्या माणसाने मानले नसते. त्याला द्रव्याइतकेच मापही ठाऊक होते.

घराच्या जमिनीचा प्रश्न शेणाने सोडवला होता. मातीची जमीन धुता येत नाही. ती दर काही दिवसांनी नव्याने लिंपावी लागते, आणि शेणातील न पचलेला बारीक तंतू मातीला धरून ठेवत असल्याने सारवण वाळल्यावर धूळ उडत नाही. सडा-संमार्जनाचे उल्लेख महानुभावांच्या तेराव्या शतकातील गद्यापासून मराठीत सापडतात. भिंतींना दिवाळीच्या सुमारास छुई, म्हणजे पूर्व विदर्भात आणि शेजारच्या छत्तीसगडात खाणीतून आणली जाणारी पांढरी माती, लावत. ऐपत असेल तेथे चुना. चुन्याचे जंतुनाशक गुण निर्विवाद आहेत. शेणाच्या बाबतीत तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही, किंबहुना धनुर्वाताच्या जंतूंची बीजे गुरांच्या शेणात असू शकतात आणि नवजात बालकाच्या नाळेला शेण लावण्याच्या प्रथेने असंख्य बळी घेतले आहेत. सारवणाचे श्रेय धूळ बसवण्यापुरते मान्य करावे आणि तेथेच थांबावे हे उत्तम.

बाहेरची द्रव्ये या भागात आली ती रेल्वेने. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग गोंदियावरून गेला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे आला, आणि धान, लाकूड, विडीपाने बाहेर जाऊ लागली तशी कलकत्ता-मुंबईच्या पेटीबंद वस्तू आत येऊ लागल्या. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या होत्या. १९१८ नंतर गोदरेजने प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणून सोवळ्याओवळ्याचा मोठा अडसर दूर केला. १९३९ साली मिठापूर येथे स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सने पुढे सोडा देशातच मुबलक केला आणि लोणारसारख्या ठिकाणच्या खाराची गरज उरली नाही.

साबण खेड्यातच करण्याचा विचारपूर्वक प्रयत्न विदर्भातच झाला, ही बाब महाराष्ट्रातील स्वच्छतेच्या इतिहासात पुरेशा ठळकपणे मांडली जात नाही. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय ही त्याच कामाची जिवंत खूण आहे. १९४१ च्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत गांधीजींनी ज्या ग्रामोद्योगांची नावे घेतली त्यांत हातदळण, कागद, आगपेटी, कातडी कमावणे आणि तेलघाणी यांच्याबरोबर साबणही आहे. १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आला तेव्हा अखाद्य तेले आणि साबण हा उद्योग त्याच्या कक्षेत आला, आणि त्यामागचा हिशेब सरळ होता: शेंगदाणा-खोबरे यांचे तेल साबणात घालणे म्हणजे माणसाच्या ताटातले काढून घेणे, तर निंब, करंज आणि मोह यांच्या बिया जंगलात व बांधावर सडत पडतात. तेल आणि क्षार यांच्या संयोगाने साबण आणि ग्लिसरीन होते, या सर्वपरिचित क्रियेतून गावच्या टोळबियांना पैशाचे मोल येणार होते. प्रत्यक्षात हे साबण खादी भांडाराच्या फळीवर राहिले. त्यांचा वास, रंग आणि किंमत यांपैकी एकही गोष्ट गिऱ्हाइकाच्या बाजूची नव्हती, आणि दाहक सोडा तर बाहेरूनच आणावा लागे.

जे ग्रामोद्योगाला साधले नाही ते अहमदाबादच्या एका रसायनतज्ज्ञाने परसात साधले. १९५९ साली आलेली सर्फ ही धुण्याची भुकटी शहरातल्या बेताच्या सुस्थित घरांपुरती राहिली होती. १९६९ साली करसनभाई पटेल यांनी घरीच मिसळून सायकलवरून विकायला सुरुवात केलेली निरमा तिच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही स्वस्त होती. निरमा ही मुळात घरगुती बनावटीचीच भुकटी होय, आणि तिच्यातील मोठा भाग धुण्याच्या सोड्याचा, म्हणजे वरठ्याच्या भट्टीत पडणाऱ्या खाराचाच होता. हात तिनेही सोलवटत.

तथापि राख केवळ निरमाने हटली नाही. स्टीलच्या भांड्यांनी पितळ माळ्यावर नेले, आणि स्टीलला चिंच लागत नाही. घरकुल योजनांनी सिमेंटची जमीन दिली, तिला सारवण धरत नाही, फिनाईल लागते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी आणली, आणि शेगडीत राख पडत नाही. ज्या घरांत ती आली तेथील बायकांच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूर गेला, त्यापुढे राखेसाठी हळहळणे शोभत नाही. धान घरी उखळात कांडणे केव्हाच बंद पडून गिरणीकडे गेले होते. तूस तेव्हापासून गिरणीमालकाचे झाले आणि उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करणाऱ्या गिरण्यांच्या बॉयलरमध्ये जळू लागले.

आज ग्रामीण भागातील बचत गटांना फिनाईल आणि भांडी घासण्याचे द्रव करण्याचे प्रशिक्षण दिले जाते, आणि ही उत्पादने घरगुती म्हणून विकली जातात. परंतु भांडी घासण्याच्या द्रवाचा आधार असतो ॲसिड स्लरी, म्हणजे खनिज तेलापासून कारखान्यात बनणारे तीव्र आम्ल, जे दाहक सोड्याने मारून, मीठ घालून दाट केले जाते. हातमोजे आणि चष्मा यांविना हे काम करणे धोक्याचे आहे, आणि येथे घरगुती हा शब्द जागेविषयी बोलतो, द्रव्याविषयी नाही. दुसरीकडे शहरी घरांत संत्र्या-लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी ३ : १ : १० या प्रमाणात तीन महिने आंबवून द्रव करण्याची रीत रुजते आहे, त्यात जे काही साफ करते ते मुख्यतः आंबण्यातून आलेले सौम्य आम्ल होय, म्हणजे चिंचेचेच काम, फक्त गूळ विकत आणून केलेले. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र मिसळण्याची जी कृती हल्ली सर्रास सांगितली जाते तिच्यात तर दोन्ही द्रव्ये एकमेकांना मारतात, फेस उठतो, आणि भांड्यात उरते ते जवळजवळ खारट पाणी. राख आणि चिंच ही दोन्ही द्रव्ये चुलीशेजारच्या एकाच कोनाड्यात असत, पण ती एका वाटीत कोणी कालवली नव्हती.